कोपऱ्याच्या खोलीतली सवत

माझं सासर इंदापुरात, पुणे-सोलापूर रस्त्याला लागून. लोक त्या घराला सराईच म्हणत. दगडी बांधकाम, पुढे लांबच लांब ओसरी, ओसरीला लागून उतारूंच्या खोल्या आणि मागे पागा. घोडेस्वारांच्या काळात कुणा सरदाराने बांधली असं सांगत. कोणत्या सरदाराने, हे मात्र प्रत्येकजण वेगळं सांगे. मी लग्न होऊन आले ते एकोणीसशे तीसनंतर चार-दोन वर्षांनी. तोवर घोडे संपले होते. दारात सर्व्हिस मोटारी थांबत आणि पागेत त्यांचे ड्रायव्हर झोपत. बारामतीचे गुळाचे अडते, कचेरीत तारखेला आलेली माणसं, बांगडीवाल्या कासारणी, कधी एखादा तमाशाचा फड, असे उतारू मुक्कामाला येत. त्यांना जेवण मिळे, बाज मिळे, आंघोळीला कढत पाणी मिळे. आणि भूत मिळे.

थट्टा नाही करत. पायातलं पायताण काढता काढताच माणूस विचारायचा, "ती खोली कंची म्हणायची?" ओसरीच्या टोकाची कोपऱ्याची खोली. तिच्या उंबऱ्यात लोखंडी खिळे ठोकलेले होते, आतली बाई बाहेर येऊ नये म्हणून. बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण होते, ती लोखंड ओलांडत नाही, हे आमच्याकडे लहान मूलही सांगेल. गुळाच्या एका अडत्याने तिला हिरव्या लुगड्यात पाहिली होती. फडातल्या सोंगाड्याला तिचे उलटे पाय दिसले होते. त्याने तसं ओसरीवर चालून दाखवलं आणि उतारू पोट धरून हसले. पण एक गोष्ट सगळ्यांच्या सांगण्यात सारखी असे. खोलीतून आवाज येतो आणि तो पाणी मागतो.

भुतामुळे कुणी मुक्काम टाळला असं मी पाहिलं नाही. उलट घरी गेल्यावर सांगायला गोष्ट मिळे, म्हणून हौसेने येत. सासूबाई आधी आढेवेढे घेत, मग पदर तोंडाला लावून सांगत. आमच्या घरात जिवंत सुनेपेक्षा त्या मेलेल्या सुनेला भाव जास्त होता.

ती मेलेली सून म्हणजे माझी सवत. माझ्या नवऱ्याची पहिली बायको. मला बिजवराला दिली, कारण माझं वय वाढलं होतं आणि जीभ त्याहून जास्त. कोऱ्हाळ्यात आमचा पाटाच्या पाण्यावरचा मळा होता, वांगी-मिरची बारामतीच्या बाजारात जाई, खाऊनपिऊन सुखी घर; पण माझ्या तोंडाळपणाची कीर्ती माझ्याआधी पोचायची आणि पाहुणे चहा पिऊन उठायचे. शेवटी इंदापूरचं स्थळ आलं. लग्नात माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर सवतीची पुतळी घातली. सोन्याच्या पातळ पत्र्यावर ठोकलेला बाईचा मुखवटा. दुसरेपणाच्या बायकोने ती घालायची रीतच आहे. नवं लुगडं आधी पुतळीला लावायचं, मग आपण नेसायचं. गोडधोड आधी तिला दाखवायचं. मला राग यायचा. हिचं उष्टं खायचं, हिचं उष्टं नेसायचं, आणि नवराही हिचाच उष्टा! पहिलं वर्षभर मी त्या पुतळीला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की तिच्या जागी दुसरी कुणी असती तर माझी मान मुरगळून गेली असती.

नवऱ्याला मी इथे एकेरीत लिहिते आहे. तेव्हा बोलताना अहोजाहोच होतं. माणूस वाईट नव्हता. उतारूंशी बोलताना तोंडात साखर, घरात मात्र मुका. सासूबाई बोलत आणि तो मान हलवी. पाव्हण्यांसमोर आवाज चढवायचा नाही, हा त्या घराचा पहिला नियम. रडायचं असेल तर पागेमागे जाऊन रडा. मी जाऊन आले आहे.

मला दिवस गेले. सातवा सरला तसे आबा, माझे वडील, बैलगाडी जुंपून मला न्यायला आले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. पण सासूबाईंनी देवऋषीला विचारून ठेवलं होतं. त्याने सांगितलं होतं की ही माहेरी गेली तर सवत मागोमाग जाईल आणि मूल घेईल. सवतीच्या नजरेखाली, सवतीच्या खोलीत बाळंत झाली तर ती मूल आपलं समजून राखील.

"त्या खोलीत? खिळं ठोकल्याल्या?" आबांनी विचारलं.

"तिची मर्जी राखाया पायजे, पाव्हनं," सासूबाई म्हणाल्या. "न्हायतर नातवाचं तोंड बघाया मिळायचं न्हाय."

आबांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो एका अडत्याच्या पानाला चुना लावत होता. आबा न जेवता उठले. दारात मला म्हणाले, "पोरी, तुझ्या जीवाचा सवाल हाय, म्या भांडून जमायचं न्हाय. तू हाक मार, येतो." आणि गेले. बापसुद्धा भुताला भितो, हे मला त्या दिवशी कळलं आणि मी खरोखर एकटी पडले.

तोवर मला भुताची भीती नव्हती, नुसता राग होता. आता मी कोपऱ्याची खोली सारवायला घेतली आणि भीती वाटू लागली. खोलीला एकच दार होतं, खिडकी नव्हती. पोटातलं पोर लाथा मारी. हे पोर इथे येणार, या खिळ्यांच्या आत, आणि माझं काही बरंवाईट झालं तर दार ओढून घेतील, असं सारखं वाटे. का वाटे, ते सांगता आलं नसतं.

ते सांगितलं कासारणीने. ती वर्षाला दोन-तीनदा मुक्कामाला यायची, म्हातारी, बोलकी. मला हिरवा चुडा भरायला बसली. दुपारची वेळ, सासूबाई आत निजलेल्या. माझा हात दाबून बांगडी चढवता चढवता तिने विचारलं, "कुठं बाळंत व्हनार?" मी मानेनेच खोली दाखवली. तिने बांगडी तिथेच सोडली.

"तितं नगं," ती म्हणाली.

"का? तुमीबी ऐकलाय व्हय आवाज?"

"ऐकलाय की. पर ती जित्ती असताना."

मग तिने सांगितलं, मधूनमधून आतल्या दाराकडे बघत. माझ्या सवतीचं मूल मेलेलंच जन्मलं. पुढे ताप चढला. ताप डोक्यात गेला आणि ती काहीबाही बोलू लागली. त्या दिवशी घर उतारूंनी भरलेलं, कचेरीत कुणाचीशी मोठी तारीख होती. बरळणं ऐकून सासूबाईंचा धीर सुटला. ही आता जाणार, बाळंतीण जाणार, अळवंतीण होऊन घर खाणार. गेल्यावर ठोकायचे ते खिळे त्यांनी आधीच ठोकून घेतले, उशीर नको म्हणून. आणि एकदा खिळे ठोकल्यावर तो उंबरा ओलांडून आत जायचं कुणी?

"ती पानी मागत व्हती. सांजपत्तुर मागत व्हती," कासारीण म्हणाली. "ओसरीवर एक पाव्हना जेवत व्हता, त्यानं इचारलं, कोन रडतंय? तर मालकीनबाई म्हनल्या, आमची सून हाय, मागंच गेली, अशी रडती कवाकवा. तो हात धुऊन पळाला. त्यानंच गावभर केलं, सराईत भूत हाय म्हनून. आन् आत ती जित्ती."

"आन् तुमी?" मी विचारलं.

"म्या बी गेले न्हाय," ती म्हणाली आणि उरलेल्या बांगड्या भरू लागली.

पागेमागे जाऊन मी रडले, स्वतःसाठी थोडं आणि तिच्यासाठी जास्त. वर्षभर शिव्या दिलेल्या त्या पुतळीला मी मुठीत धरलं होतं. जी आमच्या उतारूंची करमणूक होती, ती एक तहानलेली बाई होती. ती मेल्यावर नव्हे, ती मरत असतानाच तिचं भूत केलं होतं. आणि उद्या माझंही करणार होते, तेही मायेने, देवऋषीला विचारून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारामतीकडे जाणारी मोटार दारात उभी राहिली. ओसरीवर उतारू चहा पीत होते. कासारीण आपलं बोचकं घेऊन चढली आणि तिच्यामागे मी चढले, नेसत्या लुगड्यानिशी. सासूबाई दारात आल्या. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. "सूनबाई, कुठं निघालीस?" त्यांनी अगदी हळू, गोड आवाजात विचारलं. दोन अडते बघत होते ना! "माहेरी जाती, आत्याबाई," मी तितक्याच गोड आवाजात म्हटलं. त्यांनी मोटारीची दांडी धरली, पण ओरडल्या नाहीत. पाव्हण्यांसमोर आवाज चढवायचा नव्हता. नवरा किटली घेऊन उभाच राहिला. मोटार सुटली.

कोऱ्हाळ्यात मला मुलगी झाली. मुलगी धडधाकट होती, पण मला ताप चढला, तसाच. किती दिवस ते मला माहीत नाही. आई उशाशी बसून कपाळावर ओल्या घड्या ठेवी, चमच्याने पाणी पाजी. आबांनी बारामतीहून डॉक्टर आणला. बरी झाल्यावर आई हसून म्हणाली, "काय काय बोलत व्हतीस गं! नवऱ्याचं नावसुदिक घेतलंस, धा येळा." मी लाजेने तोंड झाकलं. आमच्यात बायको मरेस्तोवर नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. उखाण्यात घेईल तेवढंच. "चालायचंच," आई म्हणाली. "ताप व्हता."

बारशानंतर नवरा मला न्यायला आला, बैलगाडी घेऊन, मुलीला अंगडं-टोपडं घेऊन. अंगणात घोंगडी टाकली. आबांनी आधी त्याला पाणी दिलं आणि मग विचारलं. सगळं आबांना मी सांगितलेलं होतं.

"जावाईबापू, ती पानी मागत व्हती, तवा तुमी कुठं व्हता?"

"ओसरीवर," तो म्हणाला. "पाव्हन्यांला वाढत व्हतो."

"ऐकू येत व्हतं?"

तो घोंगडीचे दोरे ओढत राहिला. मुका माणूस, त्याला बोलायची सवयच नव्हती. मग म्हणाला, "आबा, ती आमची ऱ्हायली नव्हती. तिनं मला नावानं हाक मारली."

आबांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"पाच वर्सं संसार केला, कधी नाव घेतलं न्हाय. त्या दिशी नाव घेऊन हाका मारत सुटली. आई म्हनली, ही तुझी बायकू न्हाय, बायकू असं बोलंल का? तिच्या तोंडून दुसरंच कोन बोलतंय. भुतं नावानं बोलावत्यात तवा ओ द्यायाची न्हाय, दिली की मानूस गेला. म्हून आईनं खिळं ठोकलं. म्हून म्या..." तो भोळा होता, खरं सांगत होता. त्याला अजूनही वाटत होतं की त्याने जीव वाचवला, स्वतःचा.

दारात उभी असलेली आई म्हणाली, "हिनंबी घेतलं की नाव. तापात."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. घाबरून पाहिलं. मुलीला मांडीवर घेऊन बसलेल्या, चांगल्या बऱ्या झालेल्या बायकोकडे. ती नजर पाहिली आणि माझं डोकं फिरलं. शेजारची दोन माणसं अंगणात होती, आबा होते, आई होती. त्या सगळ्यांदेखत मी त्याला नावाने हाक मारली. नुसतं नाव, पुढे राव नाही, मागे काही नाही.

आई "अगंबाई" म्हणाली. आबा उठून उभे राहिले. तो पांढराफटक पडला होता, ओठ हलत होते. मी पुन्हा हाक मारली.

"ओ," तो म्हणाला.

काही झालं नाही. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. मुलगी दूध पीत होती. तो जिवंत बसला होता, तसाच, घोंगडीवर. आणि मग त्याला कळलं. मी समोर बसून ते त्याच्या तोंडावर उमटताना पाहिलं. तो दोन्ही हातांनी डोकं धरून लहान पोरासारखा रडायला लागला, आवाज चढवून, सगळ्यांसमोर.

त्याला गप्प कर असं आईने मला खुणावलं. मला त्याची कीव आली, खोटं कशाला बोलू. पण मी उठले नाही. संध्याकाळी बैलगाडी त्याला एकट्याला घेऊन इंदापूरला गेली.