बुधवारी अकरा वाजता पाहिलेली घरं

वेल्ह्याच्या पंचायत समितीत बदली झाल्याची ऑर्डर हातात पडली, तेव्हा मी पहिलं काम केलं ते वहीत रकाने आखायचं. पाणी, एसटी, डॉक्टर, मोबाईलची रेंज, किराणा. सहावा रकाना होता ‘आई, दहा ते सहा’. कुठे राहायचं ते या सहाव्यावरच ठरणार होतं. बाकीचे पाच मला सवयीने लागतात.

वडील गेल्यापासून आई माझ्याकडे होती, पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. नवरा नोकरीमुळे नाशिकला, मुलगी वसतिगृहात, मी कचेरीत. आई दिवसभर एकटी. दोन वर्षांत तिचं बोलणं इतकं कमी झालं, की संध्याकाळी मी घरी आले की पहिलं वाक्य बोलायला तिला घसा खाकरावा लागायचा. भावाने एका वृद्धाश्रमाची चौकशी करून तिचं नाव नोंदवून ठेवलं होतं. तो वाईट नाही. त्याच्याही घरात दोघं नोकरीवर आहेत. नव्या ठिकाणी तिला सोबत मिळाली तर ठीक, नाहीतर श्रावणात तिकडे पोचवू, असं त्याने सांगितलं. आई लगेच हो म्हणाली. तिच्या त्या लगेच हो म्हणण्याचीच मला धास्ती बसली.

महिनाभर मी पुण्याहून ये-जा केली. जुलैत घर बघण्यासाठी तीन रजा टाकल्या, तिन्ही बुधवारच्या. रविवारी कुठलंही गाव गजबजलेलं असतं. मला कामाच्या दिवसाचं, सकाळी अकराचं गाव बघायचं होतं, आणि आईलाही दाखवायचं होतं.

पहिल्या बुधवारी भोर. वेल्ह्याला लांब पडतं, पण शहर आहे. तळमजल्यावरचा फ्लॅट, कोपऱ्यावर दवाखाना, बाजार पायी पाच मिनिटं. पाच रकाने झटपट भरले. मग मी इमारतीतल्या दारांकडे पाहिलं. सहा दारं, पाच कुलपं. सहावं दार उघडणाऱ्या बाई तापामुळे रजेवर होत्या. “सगळी नोकरदार माणसं आहेत,” घरमालक कौतुकाने म्हणाले, “दिवसभर कसला आवाज नाही.” आईने मान डोलावली. ती मान मी पुण्यात रोज पाहत होते. मी फ्लॅटवर काट मारली.

दुसऱ्या बुधवारी पानशेत. एका बंगल्याच्या आवारातल्या दोन खोल्या. तिथल्या राखणदाराने आमचा वेळ वाचवला. शनिवार-रविवार पाय ठेवायला जागा नसते, असं तो म्हणाला, आणि सोमवारपासून? “सोमवारपासनं म्या आन हे कुत्रं.” कुत्र्यानेही आमच्याकडे बघितलं नाही.

तिसऱ्या बुधवारी विंझर. वेल्ह्याच्या रस्त्यावरच, म्हणजे कचेरीला सोयीचं. किल्ली रस्त्यावरच्या दुकानात ठेवली होती. दोन खोल्या, पुढे ओटा, दारात नळ. पण गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळी दारं बंद. मी टोकापर्यंत जाऊन आले आणि वहीत लिहिलं, ‘शेजार नाही’. श्रावण पंधरा दिवसांवर आला होता आणि माझ्या यादीत चौथं गाव नव्हतं.

ओट्यावर बसलेली आई म्हणाली, “अगं, भाताची आवणी चालू आहे. गल्ली खाचरात गेली असेल.”

आईचं माहेर मावळातलं, भाताच्या गावचं. आणि मी? कचेरीत भातलावणीच्या योजनांच्या फायली माझ्याच टेबलावरून जातात. त्याच महिन्यात, भर लावणीत, सकाळी अकराला मी भाताच्या गावात शेजारी शोधत होते. वहीतली ओळ मी खोडली नाही. पुढे फक्त प्रश्नचिन्ह टाकलं.

तीन घरं सोडून एका छपरातून धूर येत होता. आई तिकडे निघाली, मी मागून. आत एक म्हाताऱ्या बाई चुलीपुढे बसल्या होत्या, शेजारी पिठाची परात. त्या दिवशी सावड त्यांच्याकडे होती. आज एकाच्या खाचरात सगळ्यांनी राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. ज्याचं शेत त्याच्या घरी सगळ्यांचं जेवण. मुलगे, सुना, नातवंडं शेतात, आणि बावीस माणसांची उसळ-भाकरी या एकट्या बाईंवर.

आम्ही घर बघायला आलोय, असं मी सांगितलं.

“बघा की. घर कुठं पळतंय?” त्या म्हणाल्या आणि आईकडे वळल्या. “तुमाला भाकरी येती का?”

आई पाटावर बसली. पहिली भाकरी फाटली. पुण्यात आमच्याकडे पोळ्यांना बाई येत असे. आईने दोन वर्षांत पिठात हात घातला नव्हता. दुसरीही काठाला चिरली. चौथी तव्यावर टम्म फुगली. मी नळाखाली बादली लावून ती किती वेळात भरते ते बघायला गेले, लिहून आले, परत गेले.

“ही लेक व्हय तुमची?” आतून ऐकू आलं. “मघाधरनं नुसती लिवतीया.”

“लहानपणापासून तशीच आहे,” आई म्हणाली. “लग्नातसुद्धा हातात यादी होती.”

दोघी हसल्या. मी बादली भरल्यावरही जरा वेळ नळापाशीच थांबले. आईने घसा खाकरला नव्हता.

भाकऱ्यांच्या पाट्या शेतात रवाना झाल्यावर मी त्या बाईंना सरळ विचारलं, की आवणी संपल्यावर आईला दिवसा सोबत कोण असेल. अंदाजावर घर घेणं मला जमत नाही.

“बायका शेतावं जात्यातच,” त्या म्हणाल्या. “पर म्या हितंच असती. गुडघं गेलं माजं. पलीकडची म्हातारी बी हितंच. आमी दोघी दिसभर भांडतो. तिसरी आली तर निवाडा तरी हुईल.”

रेंज ओट्याच्या एकाच कोपऱ्यात येते, आणि मोठ्या डॉक्टरसाठी नसरापूर गाठावं लागतं. दोन्ही लिहिलं. तरी किल्ली दुकानात परत न देता पर्समध्ये टाकली. परतीच्या एसटीत भावाचा फोन आला. आईने तो माझ्या हातातून घेतला. “मी विंझरला राहणार आहे,” ती म्हणाली. “तिथलं माझं नाव काढून टाक.” पलीकडून तो बराच वेळ काहीतरी समजावत होता. आईने ऐकून घेतलं आणि मग उसळीत खोबरं किती घालावं यावर त्या म्हाताऱ्या बाईंचं कसं चुकतं, ते त्याला सविस्तर सांगितलं.

दीड आठवड्यानंतरच्या रविवारी आमचा टेम्पो गल्लीत शिरला. मी खोलीवार कामांचा कागद करून आणला होता. सामान उतरायच्या आत चार बायका झाडू-बादल्या घेऊन दारात उभ्या. पुढे काठी टेकत त्या म्हाताऱ्या बाई. मी म्हटलं, कशाला त्रास घेता, आम्ही करू.

“तरास कसला? तुमच्या आईनं आमच्यात दिस घातलाय. त्यो फेडायचाय.”

मी पुन्हा नको म्हणणार, तेवढ्यात आईने मला बाजूला घेतलं. “त्यांना परत पाठवू नकोस. आजचा दिवस घेतला नाही, तर उद्या मी कुठल्या तोंडाने जाऊ त्यांच्यात?”

मी कागद घडी करून ठेवला. बायकांनी माझा क्रम धाब्यावर बसवला. आधी फरशी धुतली, मग स्वयंपाकघर लावलं, कपाट सर्वांत शेवटी आत घेतलं. आणि माझ्या हिशेबापेक्षा दोन तास लवकर आटपलं. डबे कुठल्या फळीवर ठेवायचे, हे आई मधोमध उभी राहून सांगत होती. दुपारी पिठलं-भात झाला. सावडीच्या रीतीप्रमाणे सगळ्या आमच्याकडेच जेवल्या.

सोमवारी वरच्या अंगाच्या शेवटच्या खाचरात लावणी होती. आई आठ वाजताच भाकऱ्या थापायला निघून गेली. मी माझा डबा भरला, तिच्या गोळ्या चिठ्ठीसकट ताटलीखाली ठेवल्या आणि वेल्ह्याची एसटी पकडायला रस्त्यावर आले.