मेश्राम बाईंच्या हजेरीची थाप

मेश्राम बाई आज सकाळी गेल्या.

मला त्यांची माफी मागायची होती. राहिली.

हिंदी मुलखातल्या आमच्या चेरीताल वस्तीत, घराच्या पुढच्या खोलीत त्यांची बालवाडी होती. वीस-बावीस मुलं, एक ढोलकी, ताटल्या, चमचे, चिंचोके. कॉपी, म्हणजे वही, एकही नाही.

माझी नात तनू तिथे जायची. चार वर्षांची. बोलायची कमी, दिवसभर वाटी वाजवायची.

मी आठवी शिकलेला. फॅक्टरीत टर्नर होतो. पोरीचं माझ्यासारखं झालं तर? मोठ्या शाळेत ॲडमिशनला बेरीज विचारतात, असं कोणी सांगितलं आणि माझं जेवणावरून मन उडालं.

एक दिवस गेलोच भांडायला.

"बाई, तुम्ही शिकवत काहून नाही? सगळे नुसतं वाजवून राहिले!"

"बसा काका. फॅक्टरीत मशीन बिघडली तर कसं कळायचं तुम्हाला?"

"आवाजावरून. बेअरिंग जायच्या आधी सूर बदलतो ना तिचा."

"अच्छा. हे कोणत्या कॉपीत लिहिलं होतं?"

मला रागच आला.

बाईंची हजेरी नावाने नसायची. प्रत्येक मुलाची एक थाप. बाई ताटलीवर वाजवायच्या, मुलाने तीच परत वाजवायची. म्हणजे हजर.

तनूची होती दोन, थांबून तीन.

त्या दिवशी बाईंनी माझीही ठरवली. एक, थांबून दोन. "ही तुमच्या मशीनची. चलो काका, द्या हजेरी."

सगळी पोरं माझ्याकडे बघून राहिली होती.

"माझं काय खेळायचं वय आहे?" म्हणालो, आणि तनूला हाताला धरून घरी आणलं.

ट्यूशन लावली. वाट्या-चमचे वरच्या फळीवर ठेवले.

सून म्हणाली, "बाबा, ती अजूनच गप्प होऊन राहिली."

मी म्हणालो, "अभ्यासात लक्ष लागून राहिलं तिचं."

तीन महिन्यांत कॉपी भरली. पण दोन आणि तीन किती, विचारलं की रडायची. शेवटी तर ती मला बघूनच रडायला लागली. तेव्हा मी घाबरलो.

तिला घेऊन पुन्हा बाईंच्या दारात गेलो. माफी कशी मागायची ते रस्ताभर घोकत होतो.

बाईंनी बोलूच दिलं नाही. आम्हाला बघून आतूनच ताटली वाजवली.

दोन. थांबून तीन.

तनूने माझा हात सोडला. दारावर वाजवलं.

दोन. थांबून तीन.

"सगळे मिळून किती झाले, तनू दीदी?"

"पाच!"

मी खाली वाकून चप्पल शोधत राहिलो. पायातच होती.

पुढे इतकी वर्षं बाई बाजारात दिसल्या की बोटांनी पिशवीवर वाजवायच्या. एक, थांबून दोन. मी नुसती मान हलवायचो. लोक बघतील, म्हातारा वेडा झाला म्हणतील. माफीचंही तसंच. आज नको, पुढच्या वेळी.

तनू आता सातवीत आहे. गणितात मला हरवते. मराठी समजते, बोलते हिंदीतच.

आज ती माझ्यासोबत आली. बाईंना त्याच खोलीत ठेवलं होतं. बुद्धवंदना सुरू व्हायची होती. तनू त्यांच्याजवळ बसली आणि फरशीवर हलकेच वाजवलं.

दोन. थांबून तीन.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, आपकी बारी."

खोली माणसांनी भरलेली. मी भिंत धरून खाली बसलो. बोटाने फरशीवर वाजवलं.

एक. थांबून दोन.

बाई, मी हजर आहे. यायला फार उशीर केला. माफ करा.

तुमचा सगळ्यात म्हातारा विद्यार्थी तुम्हाला हात जोडतो.