माझ्या स्वभावाचा रिपोर्ट

नोकरीसाठी स्वभावाची परीक्षा घेतात हे कळल्यावर मी खूशच झाले होते. मला मेलीला पहिल्यापासून नको तितक्या चौकशा, आपला स्वभाव कसा निघतो तेही कळेल! मालवणातल्या एका हॉटेलात काउंटरवर जागा होती. ती हुकली असती तर आचरे गावातलं घर सोडून गोव्याला जावं लागलं असतं, आणि मला मुळीच जायचं नव्हतं.

संगणकावर प्रश्नांमागून प्रश्न आले. एक होता, ‘तुमचे निर्णय एखादी अदृश्य शक्ती घेते का?’ मी बिनधास्त ‘हो’ दाबलं. आमच्याकडे विहीर खणायची तरी देवाला कौल लावतात. पाषाणावर पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली की होकार. देवाने सांगितलं की अख्खा गाव घरंदारं सोडून दोन-तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. यात लपवायचं काय?

त्याच आठवड्यात मासळी बाजारात मावशी भेटली. हातातला बांगडा खाली ठेवून म्हणाली, “गो, तुका कसले आवाज ऐकू येतत म्हणे?”

“कोणी सांगितल्यान तुका?”

“हाटेलातल्या आचाऱ्यान. तुझो रिपोर्ट इलो म्हणता.”

माझा पाराच चढला. तशीच हॉटेलात गेले आणि मॅनेजरसाहेबांना कौल म्हणजे काय ते समजावलं. ते मनापासून हसले. “अहो, एवढंच होय! सोमवारपासून या कामावर.”

“आणि माझा रिपोर्ट? मला वाचायचाय.”

“तो गोपनीय असतो. उमेदवाराला दाखवत नाही.”

“मग बाजारात कसा पोचला?”

साहेब फोन चाळायला लागले.

देवळात कौल लावताना देवाला घालतात ते गाऱ्हाणंही चारचौघांत होतं, मान्य. पण पाकळी पडते ती माझ्या डोळ्यांदेखत. इथे सगळ्यांनी बघितलं, मीच तेवढी दाराबाहेर! भारी राग आला होता. तरी नोकरी धरली, कारण गोवा टळला होता.

सोमवारी आचारी चहा घेऊन आला. माणूस भला. कप ठेवूनही घुटमळत राहिला, माझ्याकडे काळजीने बघत. मला राहवेना.

“काका, त्या रिपोर्टात आणि काय लिवलेला होता?”

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

“ता नाय सांगूचा, बाय. साहेबान बजावल्यान हा, गुप्त आसा.”