दोन दऱ्यांचा अर्ज

हौसाकाकींना पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, ही बाई कुणाशी तरी भांडायला निघाली आहे. बहुतेक वेळा ते खरंच असतं.

खेडपासून आत डोंगरात त्यांचं गाव. सातवी शिकलेल्या, वय साठीचं. घराघरांतले पुरुष मुंबईला, म्हणून गावाच्या अर्ज-विनंत्या गेली कित्येक वर्षं काकीच लिहितात. दुपारी वाचनालयही त्याच उघडतात. तिथे आमचा एक संगणक आहे.

आमचा म्हणजे स्वरूप, दर्शना आणि मी, या तिघांचा. कचेऱ्यांनी टाकून दिलेले संगणक आम्ही खेडच्या दुकानात दुरुस्त करतो आणि त्यांत ‘कातळ’ घालतो. ‘कातळ’ ही आम्हीच जुळवलेली लिनक्सची हलकी आवृत्ती, म्हाताऱ्या यंत्रांनाही पळवणारी. अठरा गावांच्या वाचनालयांत ती जाणार होती. पत्रं-अर्ज लिहायला तिच्यात आधीपासून कोणतं सॉफ्टवेअर घालून द्यायचं, एवढंच ठरायचं होतं. एक हलकं, चार सेकंदांत उघडणारं. दुसरं जड, जुन्या यंत्रावर पन्नास सेकंद घेणारं. मी हलक्याच्या बाजूचा, आणि माझा आवाज मोठा. काकींच्या संगणकावर चाचणीसाठी हलकंच घातलं होतं.

एका रविवारी काकी दुकानात आल्या आणि एक कागद त्यांनी माझ्यापुढे आपटला.

“वाच.”

साकवासाठीचा अर्ज होता. त्यांच्या वाडीतली पोरं दोन दऱ्या उतरून-चढून शाळेला जातात आणि खालचे ओढे पावसात वाट अडवतात. त्या छोट्या पुलासाठी काकी सोळा वर्षं अर्ज करत होत्या, हाताने लिहून. या खेपेला पहिल्यांदाच छापून दिला होता. मी वाचलं, ‘आमची मुले दोन दर्यांमधून शाळेत जातात.’

दऱ्यांचा दर्या झाला होता. मला हसू फुटलं, आणि तिथेच माझं चुकलं.

“हस, हस. तो टेबलामागचा पण असाच हसला. बोलला, पोरं दर्या ओलांडतात तर साकव कशाला, बोट मागा! सगळी कचेरी हसली. आणि अर्ज परत दिलान हातात.”

“टाईप करताना चुकलं असेल, काकी.”

“मी बरोबर लिवलंय. बंद करून परत उघडला की बिघडतो.”

मी म्हटलं, पेनाने दुरुस्त करून द्या. नाहीतर तुमच्या एकट्या संगणकावर जड सॉफ्टवेअर घालून देतो. एका अक्षरापायी अठरा गावांना ताटकळत कशाला ठेवायचं?

“पेनाने दुरुस्त केला की चूक माझी ठरते. ती माझी नाय. आणि बाकीच्या गावांनी तुझं काय घोडं मारलंय?”

“ज्याला हवं तो मागून घेईल.”

“ताटात मीठ मागून घेतात काय रे तुमच्यात? ते आधी वाढतात. भात मागाहून.”

दर्शना तोंड फिरवून हसली. मला राग आला. तीन महिने राबून केलेलं काम, आणि ही बाई मला मीठ शिकवते!

“तुझं नाव लिव,” काकी म्हणाल्या. “मराठीत. आडनावासकट.”

मी दुकानातल्या संगणकावर, त्याच हलक्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलं, ‘संदेश वऱ्हाडकर’. पडद्यावर अगदी बरोबर दिसत होतं. मी विजयाने काकींकडे पाहिलं.

“आता साठव. बंद कर. उघड.”

उघडलं. ‘संदेश वर्हाडकर’. र उडी मारून ह च्या डोक्यावर बसला होता. आमच्या कळफलकावर ऱ काढायला एक न दिसणारी खूण घालावी लागते. ते हलकं सॉफ्टवेअर साठवताना ती गाळून टाकत होतं. आम्ही चाचणी केली होती ती ‘नमस्कार’ लिहून.

खरी लाज वेगळीच होती. बारा वर्षं संगणकावर काम करतोय, पण स्वतःचं नाव मी त्यावर मराठीत कधी लिहिलंच नव्हतं. इंग्रजीत लिहीत आलो. म्हणून माझं आडनाव मोडलेलं मला कधी दिसलं नाही.

“पन्नास सेकंद लागतात हो दुसऱ्याला,” मी शेवटचं कुरकुरलो.

“सोळा वर्षं थांबलंय मी. मला पन्नास सेकंदांचा धाक घालू नको.”

स्वरूपने तेवढ्यात जड सॉफ्टवेअर घालायला घेतलंसुद्धा. माझं मत कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ते आता बदललं होतं. अठराही गावांना तेच जाणार होतं, न मागता.

काकींनी अर्ज पुन्हा लिहिला. साठवला, बंद केला, आणि पन्नास सेकंद मांडीवर हात ठेवून बसल्या. उघडल्यावर प्रत्येक ओळीवर बोट फिरवलं. दऱ्या दऱ्याच राहिल्या होत्या. मग परत बंद करून परत उघडला. आमच्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता, आणि तो का उरावा?

सोमवारी अर्ज गेला. या वेळी परत आला नाही, शिक्का मारलेली पोच मिळाली. साकव मात्र अजून झालेला नाही. परवा मी काकींना म्हटलं, “एवढं भांडून शेवटी मिळालं काय?”

“आता ‘नाय’ बोलायला त्यांस कारण शोधावं लागेल,” काकी म्हणाल्या. “मागच्या खेपेला ते आपणच त्यांच्या हातात दिलं होतं.”