गरोदर बायको, कातळ आणि काथ्याचा दोर

सहाव्या महिन्यात असलेल्या बायकोच्या कमरेला मी काथ्याचा दोर बांधला, त्याचं दुसरं टोक माझ्या कमरेला बांधलं आणि तिला कातळावर चढवलं. चढायचा हट्ट तिचा होता. दोर मात्र माझा.

तेव्हा मी पिंपरीला नव्याने उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये कारकून होतो. चिंचवड गावात एका शेतकऱ्याच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेतली होती. मी मूळचा नगरकडचा, सपाट रानातला. आमच्याकडे उंच म्हणजे बाभळीचं झाड. बायको चाकणकडची, निघोज्याच्याही पलीकडची. तिच्या माहेरच्या परड्यामागेच डोंगर सुरू होत असे. डोंगराच्या कमरेला एक कातळ, कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं आणि टाक्याच्या काठावर शेंदूर लावलेल्या पाण्याच्या देवता, साती आसरा. त्या गावची रीत अशी, की गरोदर बाईने एकदा तिथं जाऊन आसरांची ओटी भरायची आणि टाक्यातलं ओंजळभर पाणी प्यायचं. टाक्यापर्यंत वाट नव्हती. कातळात पाऊल मावेल एवढ्या खोबण्या होत्या, त्यांतून चढायचं. उंची फार नव्हती. कौलारू घराच्या आढ्याएवढी असेल. पण आढ्यावरून पडलेला माणूस मी पाहिला होता.

पहिल्या खेपेला ती टाक्यावर जाऊ शकली नव्हती, कारण मला रजा मिळाली नव्हती. ते मूल चौथ्या महिन्यात गेलं. त्यावरून ती मला कधी काही बोलली नाही. या खेपेला दिवस राहिल्यावर एवढंच म्हणाली, "या वेळी मी जाणार. तुम्ही या नाहीतर नका येऊ."

मी विचारपूस सुरू केली. घरमालकीण म्हणाली, "ज्याची त्याची रीत, बाबा. त्यात आमी काय सांगावं?" सासूबाईंना विचारलं तर त्यांना प्रश्नच कळेना.

"आमी समद्याच गेलो की."

"कुणी पडलं नाही का कधी?"

"पडली येक. पर ती गरवार न्हवती. शेळीमागं गेलती."

यातून काय निष्कर्ष काढावा ते मला समजेना. शेवटी कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेलो. स्वतःच्या बायकोचं नाव काढायची लाज वाटली म्हणून म्हटलं, माझ्या एका मित्राची बायको आहे. डॉक्टर काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "मित्राला सांगा, तिला चालू दे, फिरू दे, घरचं काम करू दे, ते चांगलंच. पण पोट वाढलं की बाईचा तोल बदलतो. पाय घसरला तर जमीन लांब असेल, अशा जागी तिनं जाऊ नये."

उत्तर स्पष्ट होतं. शहाण्याने ते ऐकून घरी जाऊन बायकोची समजूत घातली असती. मी त्यातलं 'पाय घसरला तर' एवढंच धरून बसलो. म्हणजे पाय घसरला तरी ती पडणार नाही अशी व्यवस्था केली की झालं!

ही व्यवस्था मला रोज डोळ्यांसमोर दिसत होती. कारखान्यात अवजड यंत्रं उचलून जागेवर बसवणारे खलाशी होते. उंच टाकीवर चढायचं असलं की ते कमरेला दोर बांधत आणि दुसरं टोक लोखंडी गर्डरला. त्यांच्या मुकादमाला म्हटलं, "ती कमरेची गाठ जरा मला दाखवा."

"कशाला हवीय राव?"

"विहिरीत बादली पडलीय."

"मग गाठ बादलीला मारा की. कमरेला कशापायी?"

"तरी दाखवा."

त्याने दाखवली. मी ती स्टोअरमधल्या खुर्चीच्या पाठीवर मारून मारून पक्की केली. कातळावर गर्डर नसतो हे माझ्या ध्यानात आलं होतं. गर्डरच्या जागी मी उभा राहणार होतो.

संक्रांत झाल्यावर आम्ही निघालो. चाकणपर्यंत एसटी, पुढे सासुरवाडीची बैलगाडी. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई, बायको आणि मी कातळाखाली जाऊन उभे राहिलो. बायकोने नऊवारीचा कासोटा घट्ट केला, ओटीचं सामान पदरात बांधलं. मी पिशवीतून दोर काढला.

"ह्ये काय?" सासूबाईंनी विचारलं.

मी खलाशांची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मुलीकडे पाहिलं. बायको म्हणाली, "बांधू दे गं आई. नाहीतर इथंच दुपार होईल."

मी दोर बांधला. गाठ पहिल्या झटक्यात जमली. सासूबाई माझ्या पायांकडे बघत म्हणाल्या, "जावायबापू, ते पायताण तरी काढा." माझ्या पायांत कारखान्याचे बूट होते, तळाला खिळे मारलेले. मी म्हटलं, "हे काढायचे नसतात. सुरक्षिततेसाठीच दिलेत."

बायको चढली ती जिना चढल्यासारखी. एक हात खोबणीत, एक हात कातळावर सपाट, पोट दगडाला लागणार नाही अशी थोडी तिरकी. वर पोचली, टाक्याच्या काठाला पाय टेकवून बसली आणि म्हणाली, "या."

मी निघालो. ढिला पडेल तो दोर कमरेला गुंडाळत तिसऱ्या-चौथ्या खोबणीपर्यंत आलो, तोच बुटाचे खिळे कातळावर किर्र वाजले आणि दोन्ही पाय एकदम सुटले.

मी पडलो नाही. लटकलो. दोर ताठ झाला होता आणि माझं सगळं वजन वर बसलेल्या सहा महिन्यांच्या गरोदर बाईच्या कमरेवर आलं होतं. ती टाक्यापासून फरपटत कड्याच्या धारेपर्यंत आलेली मला खालून दिसली. तिने एका हाताने दगडाचा उंचवटा धरला होता. खालून सासूबाईंनी माझे दोन्ही पाय धरले, एकेक बूट ओढून फेकला आणि माझी पावलं पोरासारखी खोबणीत बसवली. "गाठ सोडा," त्या म्हणाल्या. पक्की केलेली गाठ ती. सुटता सुटेना. सुटली तेव्हा माझी बोटं सोलली होती.

मी अनवाणी वर गेलो. ती पोटाखाली हात धरून बसली होती.

"दुखतंय?"

"नाही."

"मग?"

"हलत नाही. सकाळपासून हलत होतं."

ओटी भरणं, पाणी पिणं, सगळं तिने रीतीप्रमाणे केलं; फक्त ओठ मंत्र पुटपुटल्यासारखे हलत होते. उतरताना मी हात पुढे केला. ती म्हणाली, "तुम्ही आधी उतरा आणि बाजूला व्हा."

परत चाकण. बैलगाडीत गवत घातलं, त्यावर वाकळ, त्यावर ती डाव्या कुशीवर. गाडीला धक्का बसू नये म्हणून मी पुढे चालत रस्त्यातले धोंडे उचलून कडेला टाकत होतो. मधूनमधून मागे वळून बघायचो. सासूबाई मान हलवायच्या. म्हणजे अजून नाही. पहिल्या खेपेची रजा मला आठवत होती. त्या वेळी निदान दोष साहेबाचा होता असं म्हणता येत होतं.

चाकणच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेरगावी गेलेले. वयस्क नर्सबाई होत्या. त्यांनी बायकोला आत घेतलं, सासूबाईंना आत घेतलं आणि मी निघालो तर दारातच थांबवलं. दार अर्धं उघडं होतं. नर्सबाईंनी लाकडी नळी पोटावर टेकवली, दुसऱ्या टोकाला कान लावला. सरकवली. पुन्हा कान लावला. बाहेर बैल मान हलवत होते, त्यांच्या घुंगरांचाही मला राग आला.

खूप वेळाने त्या सरळ झाल्या. "पळतंय," म्हणाल्या. "काळीज चांगलं पळतंय घोड्यासारखं. बाळ झोपलं असेल, नाहीतर घाबरलं असेल."

सासूबाईंनी आसरांना हात जोडले. मीही दारातूनच जोडले.

मग नर्सबाईंनी दोराचा वळ बघितला. तो पोटावर नव्हता, खाली कमरेच्या हाडांवर होता. मी कमर म्हणून बांधला होता तो पोटावरच. माझी पाठ वळल्यावर बायकोने तो खाली सरकवून घेतला होता. मला सांगितलं असतं तर मी पुन्हा खलाशांची पद्धत समजावत बसलो असतो, हे तिला ठाऊक होतं.

"दोन दिवस पडून राहायचं," नर्सबाई तिला म्हणाल्या. "अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, पोट दगडासारखं कडक झालं किंवा हालचाल थांबली, तर लगेच यायचं. रात्र असली तरी उठवा मला."

तसं काही झालं नाही. गाडीत बसताना बायकोने माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून लाथ बसली, आणि ती मला लागायलाच हवी होती. पुढे वैशाखात मुलगी झाली.

पण निघण्यापूर्वी मी दवाखान्याच्या ओट्यावर नर्सबाईंना गाठलं. थोडी अब्रू सावरावी म्हणून जाणकारासारखं विचारलं, "म्हणजे बाई, गरोदरपणी कातळ चढणं धोक्याचंच म्हणायचं?"

"धोक्याचंच," त्या हात पुसत म्हणाल्या. "पुन्हा चढू देऊ नका. पण आज ती पडली नव्हती हो. पडला होतात तुम्ही."