तीन दोन नऊ

मी पत्रकं वाटत वाढले. वडील छापून आणायचे, मी दौंड स्टेशनबाहेर वाटायचे — अंगात येणं हे ढोंग आहे, भूत असेल तर समोर आणा! आजही वाटते. म्हणून हे लिहिणं अवघड जातंय...

वडिलांचे चुलते म्हणजे आमचे आप्पा. आयुष्यभर रेडिओ दुर्बिणीवर काम केलेले शास्त्रज्ञ. निवृत्त झाल्यावर शिरूर तालुक्यात निमोण्याला, बुद्धवस्तीतल्या घरी एकटेच राहायला आले. छतावर तारेचा अँटेना, खोलीत हौशी रेडिओचा सेट. मोर्सच्या किल्लीवर टकटक करत जपानशी, ब्राझीलशी बोलायचे. गावातले बागायतदार टीव्ही बिघडला की त्यांना हाक मारायचे. त्यांच्या घरी चहाला मात्र कुणी थांबत नसे.

"आप्पा, एकटं वाटत नाही?"

"हवेत कुणी आडनाव इचारत न्हाई, पोरी. लायसनवरचं कॉलसाइन सांगितलं की झालं."

रेडिओवर एक रीत आहे. समोरच्याचा आवाज कसा येतोय, त्याचा रिपोर्ट आकड्यांत द्यायचा. सगळे शिष्टाचार म्हणून 'पाच नऊ नऊ' देतात, म्हणजे एकदम खणखणीत. आप्पांना त्याचा संताप यायचा.

"ऐकू येत न्हाई आन् खणखणीत म्हंत्यात! जेवढं ऐकलं तेवढंच सांगायचं. कुणाला राग आला तरी."

मला त्यांनी मोर्स शिकवलं. मी परीक्षा द्यायची, लायसन काढायचं आणि दौंडहून त्यांना पहिली हाक मारायची, असं ठरलं होतं. घरातलं एक तरी माणूस हवेत भेटावं, एवढीच त्यांची इच्छा.

लायसन आलं, तेव्हा आप्पा नव्हते.

मग मी निमोण्यालाच गेले. भर दुपार होती. शेजारच्या शेवंतामावशींनी घराची किल्ली दिली. "आता कुणाशी बोलणार गं त्या खोक्यात? आप्पा तर गेलं."

"जो ऐकेल त्याच्याशी, मावशी."

बॅटरी जोडली. सेटमधून नुसती बारीक खरखर. घाबरत घाबरत सगळ्यांसाठीची हाक आणि माझं नवं कॉलसाइन पाठवलं, दोनदा चुकत. थांबले. पुन्हा पाठवलं.

उत्तर आलं. अगदी दबकं, माझ्याच कासवगतीनं. आधी माझं कॉलसाइन, मग रिपोर्ट — तीन दोन नऊ. म्हणजे कसंबसं समजतंय, आवाज फार क्षीण.

असा रिपोर्ट नवख्याला कुणी देत नाही हो! आणि प्रत्येक डॅश, म्हणजे मोर्सची लांब टक, किंचित ओढलेली. आप्पांचा अंगठा एकदा मशीनमध्ये सापडला होता, तेव्हापासून त्यांची डॅश तशीच लांबायची. मोर्समध्ये हात ओळखू येतो, अक्षर ओळखावं तसा.

मी विचारलं, आपण कोण? कॉलसाइन?

काहीच नाही. पुन्हा विचारलं. नुसती खरखर.

आप्पा म्हणायचे, "लायसन माणसाबरोबर संपतं. त्याच्या पुढं ते कॉलसाइन वापरायचं न्हाई."

मी रडले नाही, तपासणी केली. घराच्या मागं गेले, तर अँटेनाची केबल भिंतीपाशी तुटलेली. पत्रे बदलणाऱ्यांनी कापून तशीच लोंबत सोडलेली. घाईत मी सेटवरच्या मीटरकडं पाहिलंच नव्हतं, नाहीतर तेव्हाच कळलं असतं. तुटक्या केबलवरून माझी हाक फार तर अंगणापर्यंत गेली असेल. तीन दोन नऊ... रिपोर्ट खराच होता. पण अंगणात फक्त मावशी होत्या, शेंगा फोडत.

शिरूर, शिक्रापूर, दौंड — ओळखीच्या सगळ्या हौशी मंडळींना विचारलं. त्या दुपारी कुणी सेटवर नव्हतं. कुणी मस्करी केली म्हणावी, तर आप्पांचा हात कुणाला येतो?

आमच्या अंधश्रद्धाविरोधी चळवळीतल्या मित्राला सांगितलं, तर तो भडकला. "हे छापलंस तर उद्या बाबा-बुवा तुझंच नाव घेऊन ताईत विकतील. गप बस!"

त्याचं बरोबर आहे. भूत आहे असं मी म्हणत नाहीच, ताईत विकणाऱ्याच्या दारात उद्याही पत्रक घेऊन उभी राहीन. पण गप बसणं म्हणजे पाच नऊ नऊ देणं. म्हणून जेवढं ऐकलं तेवढंच लिहिलंय. उलगडा माझ्याकडं नाही.

केबल मी जोडून घेतली आहे. आता निमोण्याहून हाक दिली की लांबलांबचे लोक उत्तर देतात, सगळे पाच नऊ नऊ. तसा खरा रिपोर्ट पुन्हा कुणी दिला नाही.