माडीवरचे जपानी सर

कॉलेजातल्या विभागप्रमुखाने आमच्या जपानी सरांना फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी गोडगोड अर्थ काढायला नको.

सर अकोल्याचे. उधन्यात माझ्या माडीवर भाड्याने राहायचे, सुरतेतल्या एका कॉलेजात शिकवायचे. जपान त्यांनी पाहिलेला नव्हता. पण बोलण्यात सतत तिथली विद्यापीठं, म्हणून माझ्या यंत्रमागांवरच्या लूमवाल्यांनी हे नाव पाडलं. युरोप, अमेरिका, जपान आणि आपण, कुठली विद्यापीठं किती संशोधन करतात याची तुलना हा त्यांचा ध्यास. मला संशय आला. फायदा असल्याशिवाय कुणी दुसऱ्याचा माल मोजत नाही.

"यातून तुम्हाला काय सुटतं, सर?"

"भाऊ, ते आपल्याला हलके म्हणतात. कोणत्या मापाने म्हणतात, ते बघतोय. इंग्रजीत छापलं तेवढंच मोजतात. बाकीचं जमेतच धरत नाहीत."

तेव्हा माणूस पटला. कोरं कापड रंगवलेल्या कापडाशेजारी ठेवून भाव पाडणारे दलाल मी हाकलले आहेत.

तुलनेची खोड त्यांना जेवतानाही सुटायची नाही. आमच्या हिच्या हातचं भरीत खाऊन म्हणायचे, "वहिनी, पहिला नंबर. पण खानदेशापुरता. वऱ्हाडाचे आकडे यायचेत."

ही म्हणायची, "मग वऱ्हाडातच जेवा."

अखेर लेख झाला. त्यावर सरांची नोकरी कायम व्हायची होती. त्यांनी वर साहेबांचं, म्हणजे त्या विभागप्रमुखाचं, नाव घातलं, खाली स्वतःचं, आणि परदेशी पाठवायला साहेबांकडेच दिला.

"विणलं तुम्ही, छाप त्यांची का?"

"रीत आहे, भाऊ."

रीत म्हटलं की मी खिसा चाचपतो. लेख छापून आला तो साहेबांच्या एकट्याच्या नावाने. सर त्या दिवशी जेवायला खाली आले नाहीत.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेबांनी चहा मागवला आणि म्हणाले, "शेठ, तमे तमारुं कापड संभाळो." मी टेबलावर हात आपटला. शिपायाने मला बाहेर काढलं.

सर माझ्यावरच चिडले. "तुम्ही आरडाओरडा केलात, आता ते मलाच भांडखोर ठरवतील." तसंच झालं. त्यांच्या जागी दुसरा आला. भुसावळच्या गाडीत बसताना सर एवढंच म्हणाले, "छापलेलं बरोबर आहे, भाऊ. एकही आकडा चुकलेला नाही."

ते आता अकोल्यात शिकवण्या घेतात. साहेब, तुमचे सत्कार होतात, त्या लेखाचं कौतुक होतं. एकदा अकोल्याला चला. सरांच्या तोंडावर सांगा, त्यांचं नाव कुणी खोडलं. तिकीट मी काढतो.